एरंडेलाने धरलेले इंजिन

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचे बोअरिंग-होनिंगचे, म्हणजे इंजिनांचे सिलिंडर आतून कोरून-घासून देण्याचे, छोटे दुकान होते. माझ्या लहानपणी तेथे आठवड्यातून एक तरी ‘धरलेले’ इंजिन येत असे. बहुतेक वेळा ते शेतावरचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असे. थंडाव्याचे पाणी आटल्यावरही तसेच चालत राहिलेले आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला चिकटून थांबलेले. त्यावरचा पहिला उपचार ठरलेला होता. सिलिंडरमध्ये रॉकेल ओतायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि सकाळी पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याचे माफक घाव घालायचे. हा उपचार माझ्या अंगात इतका मुरलेला आहे की, निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियात एका अंगठ्याएवढ्या इंजिनावर मी विचार न करता तोच सुरू केला आणि त्यापायी तीन आठवडे वाया घालवले.

ते इंजिन एका खेळण्यातल्या मोटारीचे आहे. आमच्या ऑरेंज काउंटीत रविवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ती मोटार मला पंचवीस डॉलरना मिळाली. तिच्यावर ‘थिंबल ड्रोम’ हे नाव आहे आणि जाणकार तिला ‘प्रॉप रॉड’ म्हणून ओळखतात. चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारा एकही दात्याचा गिअर तिच्यात नाही; इंजिनावर विमानासारखा पंखा बसवलेला आहे आणि तो हवा ढकलतो म्हणून मोटार धावते. मोकळी सोडल्यास ती कोणाच्या पायात जाईल याचा नेम नसल्यामुळे तिला मधल्या खांबाला दोरीने बांधून गोल फिरवतात. हा प्रकार आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पाहिला आणि “अहो, हे तर तेलाच्या घाण्याचेच यंत्र झाले,” असा शेरा दिला. त्या वेळी मी हसलो. पण पुढे तेलच या गोष्टीचा नायक ठरणार होते.

‘थिंबल ड्रोम’ हे लिरॉय कॉक्स यांच्या कारखान्याचे नाममुद्रांकन. हा कारखाना माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या सांता आना गावी होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूचा तुटवडा असल्यामुळे कॉक्स लाकडी खेळण्यातल्या बंदुका बनवत असत. युद्ध संपल्यावर ते धातूच्या छोट्या शर्यती मोटारींकडे आणि त्यांच्यात बसणाऱ्या इंजिनांकडे वळले. १९५० च्या दशकात त्यांच्या ०.०४९ घनइंच, म्हणजे सुमारे ०.८ घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनांनी अमेरिकेतल्या मुलांची एक पिढी वेडी करून सोडली. माझ्या मोटारीतले इंजिन त्यांतल्याच ‘बी’ नावाच्या घराण्यातले आहे. सिलिंडरचा व्यास ०.४०६ इंच आणि स्ट्रोक ०.३८६ इंच, आमच्या दुकानातला सर्वांत लहान होनिंग स्टोनसुद्धा या सिलिंडरात शिरला नसता.

या इंजिनाची रचना समजल्याशिवाय ते का धरते आणि कसे सोडवावे हे कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यात पोलादी सिलिंडर आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. पिस्टनही पोलादीच असतो आणि त्याला रिंग नसते. दाब धरून ठेवण्याचे सगळे काम पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातल्या अत्यंत बारीक, घासून जुळवलेल्या अंतरावर चालते; शिवाय सिलिंडर वरच्या बाजूला किंचित निमुळता असल्यामुळे पिस्टन वर येताना अधिक आवळला जातो. कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक गोलाकार असून ते पिस्टनच्या आतल्या खळग्यात, खांद्याच्या सांध्यासारखे, बसवलेले असते. मागे इंधनाची टाकी, टाकीच्या आत हवा-इंधन आत घेणारी नळी आणि त्या नळीच्या तोंडावर तांब्याच्या मिश्रधातूची कागदासारखी पातळ झडप, म्हणजे रीड. स्पार्क प्लगच्या जागी ग्लो हेड असते. त्यातल्या प्लॅटिनमयुक्त तारेला सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने लाल करायचे आणि इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेमुळे तार आपोआप तप्त राहते. ही ग्लो प्लगची युक्ती रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास बाजारात आणली, आणि बॅटरी-कॉइलचे ओझे गेल्यामुळेच एवढी लहान इंजिने मुलांच्या हातात येऊ शकली.

इंधनात मिथेनॉल असते, जोर वाढवण्यासाठी नायट्रोमिथेन असते आणि साधारण पाचवा हिस्सा वंगण असते. हे वंगण म्हणजे एरंडेल. लहानपणी महिन्यातून एकदा नाक दाबून आजीने पाजलेले, तेच. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गरगर फिरणारी रोटरी इंजिनेही एरंडेलावरच चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि त्यामुळे धुऊन जात नाही. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावसुद्धा ‘कॅस्टर’वरूनच आले आहे. एरंडेलाचा मोठा गुण असा की, पोलादावर पोलाद घासत असताना आणि उष्णता वाढत असतानाही त्याचा थर तुटत नाही. उलट तापल्यावर ते अधिक चिवट होते. हाच गुण इंजिन बंद करून वर्षानुवर्षे माळ्यावर टाकले की अंगाशी येतो. तापून राळेसारखे झालेले तेल हवेत हळूहळू घट्ट होते आणि शेवटी पिस्टन लाखेने मोहर केल्यासारखा जागच्या जागी बसतो.

माझे इंजिन नेमके असेच बसले होते. पंखा बोटाने हलवला, तर त्याच्यासोबत संपूर्ण मोटार हलत होती. येथे मी पहिली चूक केली. सिलिंडरच्या बाजूच्या, धूर बाहेर टाकणाऱ्या फटीतून रॉकेल सोडले, गंज सोडवणारे फवारा-तेल मारले आणि डबीत घालून ठेवून दिले. आठ दिवसांनी काही फरक नव्हता. पुन्हा ओतले, पुन्हा आठ दिवस. तिसऱ्या आठवड्यात हात शिवशिवू लागले आणि पंख्याला थोडा अधिक जोर द्यावा असे वाटले. सुदैवाने तेवढ्यात पंख्याचे टोक तुटले आणि मी भानावर आलो. पंख्याच्या जागी कनेक्टिंग रॉड वाकला असता, तर हे लिहिण्याचे कारण उरले नसते.

मग वही घेऊन बसलो आणि स्वतःलाच एक साधा प्रश्न विचारला: आत आहे ते काय आहे? शेतावरच्या इंजिनात पिस्टन धरतो तो धातूला धातू चिकटून किंवा गंज चढून, आणि आजूबाजूचे तेल खनिज असते. खनिज तेल रॉकेलमध्ये विरघळते. एरंडेल मात्र खनिज तेलांशी नीट मिसळत नाही. ते अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि म्हणूनच मिथेनॉलच्या इंधनात ते वापरतात. म्हणजे तीन आठवडे मी एरंडेलावर असे द्रव ओतत होतो, ज्याला ते दाद देणारच नव्हते. पन्नास वर्षांच्या अनुभवाने मला उत्तर दिले होते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. या तीन आठवड्यांना मराठीत एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात. इतक्या शब्दशः अर्थाने ते कोणी चालवले असेल असे मला वाटत नाही.

टॉर्च आणि भिंग घेऊन बाजूच्या फटीतून पाहिल्यावर निदान पक्के झाले. आतला पिस्टन मधासारख्या तपकिरी, पारदर्शक थराखाली चकाकत होता; तांबूस, भुकटीसारखा गंज कोठेही नव्हता. हे पाहून मला झालेला आनंद ज्यांनी गंजलेले सिलिंडर उघडले आहेत त्यांनाच समजेल. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि नायट्रोमिथेन जळल्यानंतर उरणारा अंश पोलादाला खातो; तेल न लावता ठेवलेली इंजिने यामुळे आतून सडतात. हे इंजिन मात्र ज्या थराने जखडून ठेवले होते त्याच थराने इतकी वर्षे ओल दूर ठेवली होती. गंजाने खड्डे पडलेला पिस्टन परत आणता येत नाही, कारण येथे रिंग नाही की ओव्हरसाइझ पिस्टन नाही. चिकटलेला पिस्टन मात्र सुटतो.

सोडवण्याच्या कामात एक बारीक अडचण आहे आणि ती लक्षात न घेतल्यामुळे बरीच इंजिने बिघडतात. सिलिंडर आट्यांवर बसलेला असल्यामुळे तो फिरवून काढावासा वाटतो. पण पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असेल तर सिलिंडरबरोबर पिस्टनही फिरतो. वरचा गोलाकार सांधा मोकळा असेल तर काही बिघडत नाही, कारण सांध्यात पिस्टन फिरू शकतो. पण सांध्यातही तीच राळ घट्ट झालेली असेल, तर पीळ थेट बारीकशा रॉडला बसतो. म्हणून आधी सर्व मऊ करायचे आणि मगच पाना लावायचा. दुसरी वाईट सवय म्हणजे बाजूच्या फटीत पेचकस अडकवून सिलिंडर फिरवणे. माझ्या आधीच्या कोणी तरी हा प्रयत्न करून फटीच्या कडेला एक खरचटा ठेवला आहे. तो नखाला लागतो, पण नशिबाने पिस्टनच्या वाटेत आलेला नाही.

मी प्रथम इंजिन मोटारीच्या प्लॅस्टिकच्या अंगापासून वेगळे केले, मागचे चार लांब स्क्रू काढून टाकी सोडवली आणि रीड व तिची बारीक कडी वेगळ्या डबीत ठेवली. ही कडी निसटून उडाली की गालिच्यात सापडत नाही, म्हणून हे काम मी प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून केले. नंतर फटींतून मिथेनॉल सोडून दोन दिवस ठेवले. वरचा थर विरघळला आणि द्रव चहासारखा तपकिरी झाला, पण पिस्टन हलला नाही. तापून पूर्ण घट्ट झालेले एरंडेल अल्कोहोललाही सहजासहजी जुमानत नाही. त्याला उष्णताच लागते.

येथे या छंदातल्या जुन्या मंडळींची एक पद्धत उपयोगी पडली. मंद आचेचा विजेवरचा कुकर घ्यायचा, त्यात मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते इथिलिन ग्लायकोलचे शीतक ओतायचे आणि त्यात इंजिन तासन्‌तास शिजू द्यायचे. हे द्रव विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे लहान मुले आणि कुत्री-मांजरे आसपास नसावीत, काम घराबाहेर करावे आणि तो कुकर पुन्हा कधीही स्वयंपाकाला वापरू नये. मी घरातल्या कुकरकडे नुसते पाहिले, तेव्हाच मला शांतपणे दुकानाचा रस्ता दाखवण्यात आला. जुन्या सामानाच्या दुकानातून सहा डॉलरना एक कुकर आणला आणि गॅरेजच्या दाराबाहेर सकाळी आठला लावला. हेच काम भट्टी साफ करण्याच्या फवाऱ्याने पाच मिनिटांत होते असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकून दोन वर्षांपूर्वी मी एका चांगल्या टाकीचा कोळसा केला होता. त्या फवाऱ्यात कॉस्टिक सोडा असतो आणि कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो, हे शाळेत शिकलेले मला टाकी काळी पडल्यावर आठवले.

संध्याकाळी पाच वाजता चिमट्याने इंजिन बाहेर काढले, तेव्हा सिलिंडरच्या पंखांमधली काळी-तपकिरी घाण टूथब्रशने सहज सुटत होती. गरम असतानाच पुढचे काम केले. ग्लो हेड त्याच्या पान्याने निघाले आणि खालची तांब्याची वळी जपून ठेवली. मग क्रँककेसला गरम हवेच्या बंदुकीने आणखी थोडी ऊब दिली. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बाहेरची क्रँककेस फुगते आणि आतल्या पोलादी आट्यांवरची पकड ढिली होते. पिस्टन आणि सिलिंडर या दोन्ही पोलादी भागांत मात्र उष्णतेने असा फरक पडत नाही. तेथे ती फक्त राळ मऊ करते. हा फरक ध्यानात ठेवला की कोठे किती तापवायचे याचा अंदाज आपोआप येतो. मऊ लाकडाच्या काडीने पिस्टनवर वरून हलकासा दाब दिला. काही झाले नाही. पुन्हा तापवले, पुन्हा दाब दिला, आणि तिसऱ्या वेळी पिस्टन केसभर खाली सरकला. आवाज नाही, झटका नाही. थंडीत गोठलेले तूप चमच्याखाली सरकते तसा. पुढच्या दहा मिनिटांत क्रँकशाफ्ट बोटाने अर्धा फेरा, मग पूर्ण फेरा घेऊ लागला.

सिलिंडर आट्यांवरून उतरल्यानंतरची साफसफाई मी मुद्दाम संथपणे केली. पॉलिश पेपर, स्टील वूल, घासण्याची पेस्ट यांतले काहीही पिस्टनला किंवा सिलिंडरच्या आतल्या भागाला लावले नाही. होनिंगच्या दुकानात वाढलेल्या माणसाला हे पथ्य पाळणे जड जाते. सिलिंडर दिसला की त्याच्यावर आडव्या-तिडव्या रेघांची जाळी काढावीशी वाटते. पण ती जाळी रिंगसाठी असते. येथे जे काही घासले जाईल तेवढा दाब कायमचा कमी होईल. मिथेनॉलमध्ये भिजवलेले सुती कापड, बांबूची काडी आणि वेळ, एवढ्यावरच काम केले. पिस्टनच्या बाजूवर सोनेरी छटेचा एक पातळ थर तरीही राहिला आणि तो मी राहू दिला.

सांध्यात किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता. पिस्टन धरून रॉड वर-खाली केल्यावर बोटाला हलकेच ‘टक्’ जाणवत होते. दोन-तीन थाऊपर्यंतचा प्ले, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, चालतो. त्यापुढे गेला तर खळग्याच्या कडा पुन्हा आवळण्याचे एक खास हत्यार मिळते. माझ्या मापाने तो दोन थाऊच्या आतच होता, म्हणून हत्यार हातात घेतले नाही. ग्लो हेडची तार शाबूत आहे की नाही हे सेल लावून पाहिले, तर ती नारिंगी रंगाने उजळली. रीड जिभेवर धरून आणि नळीतून हवा ओढून तपासली. तिच्यावर एरंडेलाचा ठिपका असेल किंवा ती एका बाजूने उचललेली असेल, तर इंजिन सुरू होऊन लगेच मरते आणि माणूस इंधन कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह फिरवत दिवस घालवतो. टाकीची गॅस्केट मात्र पापडासारखी तुटली होती. ती नवी बसवली.

चालवण्याचा दिवस उजाडला तेव्हा इंधनाबद्दल एक निर्णय घ्यायचा होता. आजकाल मिळणाऱ्या अनेक इंधनांत कृत्रिम वंगण असते. ते चिकटत नाही, पण गोलाकार पोलादी सांध्यासाठी ते अपुरे पडते असे या इंजिनांचे जाणकार सांगतात. म्हणून ज्याने हे इंजिन धरले होते तेच एरंडेल पुरेशा प्रमाणात असलेले इंधन मी निवडले. इंजिन व्हाइसमध्ये लाकडी पट्ट्यांच्या मध्ये धरले, डोळ्यांवर चष्मा लावला, नीडल तीन फेरे उघडली, बाजूच्या फटीत इंधनाचे दोन थेंब टाकले आणि सेल जोडला.

पहिल्या फटकाऱ्याला ते फुर्र करून थांबले. चौथ्याला सुरू झाले, आणि पंख्याचा वारा चुकीच्या बाजूने आला. रीडच्या इंजिनांना दिशेचे सोयरसुतक नसते. हवा आत घेणारी झडप क्रँकशी बांधलेली नसून दाबाच्या फरकावर उघडझाप करते, त्यामुळे इंजिन उलटेही तितक्याच आनंदाने चालते. मोटारीवर असते तर ती रिव्हर्समध्ये धावली असती. फडके फेकून ते थांबवले, पुन्हा फटकारले आणि या वेळी ते योग्य दिशेने सुरू झाले. सुरुवातीला जास्त इंधनामुळे अडखळत्या, जाड आवाजात चालले. नीडल थोडी थोडी आवळत नेली तसा आवाज चढत गेला आणि एका क्षणी तो डासाच्या गुणगुणण्यासारखा एकसंध, टोकदार झाला. जुन्या सांध्यावर दया म्हणून मी तेथून पाव फेरा मागे घेतला. टाकी संपेपर्यंत ते चालले. बाजूच्या फटींतून उडालेल्या तेलाने माझी बाही आणि व्हाइस ओली झाली.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली गेली. “अहो, हा एरंडेलाचा वास ना? माझ्या पोटात आत्तापासूनच ढवळायला लागले,” असे म्हणून ती लगेच बंदही झाली.

इंजिन निवल्यावर टाकीच्या तळाशी उरलेले इंधन ओतून टाकले, मिथेनॉलने आतला भाग धुतला आणि फटीत न चिकटणाऱ्या पातळ तेलाचे चार थेंब सोडून पंखा वीस-पंचवीस वेळा हाताने फिरवला. मोटारीचे रबरी टायर दगडासारखे कडक झाले आहेत आणि एकाला तडा गेला आहे. त्या मापाचे टायर शोधणे चालू आहे. ते मिळेपर्यंत इंजिन गॅरेजच्या फळीवर, पातळ कापडात गुंडाळलेले आहे, आणि आठवड्यातून एकदा जाता-येता मी त्याचा पंखा एक फेरा फिरवतो.